पानांचा सांडलेला उजेड आणि माझी एक सरळ रेषा

काचेच्या बरणीत मूठभर हिरवी पानं चुरडून टाकली, बुडेपर्यंत वर स्पिरिट ओतलं, अर्ध्या तासाने गाळून घेतलं, खोलीतला दिवा बंद केला आणि त्या गडद हिरव्या पाण्यावर निळ्या एलईडीचा टॉर्च मारला. लाल! म्हणजे जरा लालसर वगैरे नाही हो, चक्क माणकासारखं लाल. टॉर्च बंद करून दिवा लावला की परत हिरवं. हा चाळा मी किती वेळ करत बसलो कोण जाणे, घरचे दोनदा येऊन बघून गेले, बरा आहे ना हा म्हणून.

यात नवीन काही नाही. १८३४ मध्ये डेव्हिड ब्रूस्टर यांनी पानांच्या अल्कोहोलमधल्या अर्कात सूर्याचा झोत सोडून हेच बघितलं होतं, आणि १८५२ मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी या प्रकाराला फ्लुरोसन्स हे नाव दिलं, फ्लोरस्पार नावाच्या खनिजावरून. पुस्तकी मराठीत प्रतिदीप्ती म्हणतात, पण मला तो शब्द बोलताना जड जातो, त्यामुळे मी आपला फ्लुरोसन्सच लिहिणार.

मग साहजिकच तोच टॉर्च कुंडीतल्या जिवंत पानावर मारला. म्हटलं इथे तर अख्खा कारखाना चालू आहे, इथे अजून भारी दिसेल. काहीच नाही. पान आपलं गप्प. म्हणजे लाल उजेड तिथेही निघत असतो, पण इतका कमी की डोळ्याला पत्ताच लागत नाही. स्पिरिटमधलं हरितद्रव्य आपल्या जागेवरून उखडलेलं असतं, त्याने पकडलेली ऊर्जा पुढे द्यायला कुणी नसतं, म्हणून जवळजवळ ३० टक्के फोटॉन ते उजेड म्हणून परत टाकून देतं. जिवंत पानात तेच हरितद्रव्य कामाला जुंपलेलं असतं आणि परत येतात जेमतेम १-२ टक्के. थोडक्यात बेकार हरितद्रव्य चमकतं, कामावरचं फारसं चमकत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा कारण पुढचा सगळा घोळ यातूनच आहे.

पानात शिरलेल्या उजेडाला वाटा तीनच. एक, प्रकाशसंश्लेषण. दोन, उष्णता, म्हणजे झेपत नाही ती ऊर्जा गरमी करून घालवून टाकायची. तीन, फ्लुरोसन्स. मला हे जात्यासारखं वाटतं. वरून दाणे पडतायत, जातं दळतंय, दाणे जास्त झाले की एक हात ते बाजूला काढतोय, आणि तरी चार दाणे इकडेतिकडे सांडतायत. आता प्रश्न असा की फक्त सांडलेले दाणे मोजून दळण किती झालं ते सांगता येईल का? कारण आकाशातून पानांची चमक बघून प्रकाशसंश्लेषण मोजू पाहणारे सॅटेलाइटवाले नेमकं हेच करायचा प्रयत्न करतायत.

आधी एका पानापुरतं बघू. १९३१ मध्ये हान्स काउत्स्की आणि ए. हिर्श यांनी एक पान बराच वेळ अंधारात ठेवलं आणि मग एकदम त्याच्यावर उजेड टाकला. चमक सेकंदाच्या आत झपकन वर गेली आणि मग काही मिनिटांत हळूहळू खाली येत स्थिरावली. का? अंधारात कार्बन पकडणारी यंत्रणा झोपलेली असते, उजेड आल्या आल्या जातं सुरू व्हायच्या आधीच दाणे येऊन पडतात आणि सांडतात. नंतर जातं वेग घेतं, शिवाय तो दाणे बाजूला काढणारा हात पण जागा होतो, म्हणजे पानातला व्हायोलाझँथिन नावाचा पिवळा रंगद्रव्याचा रेणू बदलून झियाझँथिन होतो आणि जादा ऊर्जा उष्णता म्हणून सोडायला मदत करतो. मग सांडणं कमी. म्हणजे बघा, एकच पान, उजेड तोच, पण चमक मिनिटामिनिटाला वेगळी.

आणि आता गंमत. डीसीएमयू नावाचं तणनाशक आहे (डाययुरॉन या नावाने ते विकतात), ते फोटोसिस्टिम टू मधून (म्हणजे पानातल्या उजेड पकडून इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या यंत्रणेतून) इलेक्ट्रॉन पुढे जायचा रस्ताच बंद करतं. पानाला ते दिलं की प्रकाशसंश्लेषण ठप्प आणि फ्लुरोसन्स एकदम वाढलेला. जातं जाम, दाणे सगळीकडे. म्हणजे चमक जास्त तर काम कमी. एवढं वाचून मला वाटलं की विषय संपला, हे दोन उलटे चालतात, मग हे आकाशातून फ्लुरोसन्स बघून प्रकाशसंश्लेषण मोजणारे लोक नक्की काय करतायत?

तर उलटं पण नाहीये ते. पहाटेच्या मंद उजेडात उलटं चालतं खरं, कारण उष्णतेची वाट तेव्हा फारशी उघडलेली नसते, जे कामाला गेलं नाही त्यातलं चमकेत जास्त येतं. पण भर दुपारी कडक उन्हात तो हात जोरात चालू असतो, तो दोघांच्याही वाट्याचं खेचून नेतो, त्यामुळे दर फोटॉनमागे काम पण घटतं आणि चमक पण घटते. दोघं एका दिशेला जायला लागतात! आणि सॅटेलाइट बहुतेक दुपारच्या आसपासच डोक्यावरून जातात, हे त्या लोकांचं नशीबच म्हणायचं.

बरं हे आकाशातून दिसतं कसं, कारण दिवसाढवळ्या पानावरून परत फिरणारा सूर्यप्रकाश प्रचंड, आणि त्यात ही चमक म्हणजे जवळच्या अवरक्त पट्ट्यात एकूण येणाऱ्या उजेडाच्या १ ते ५ टक्के. युक्ती मला जाम आवडली. सूर्याच्या वर्णपटात बारीक काळ्या रेषा असतात, फ्राउनहोफर रेषा, तिथे सूर्याकडूनच उजेड कमी येतो. पानाने नुसता उजेड परावर्तित केला तर त्या रेषा तेवढ्याच काळ्या राहतात, बाकीच्या उजेडाच्या प्रमाणात. पण पान स्वतःचा उजेड त्यात मिसळत असेल तर रेषा किंचित भरून निघते, थोडी फिकट होते. ते फिकटपण मोजायचं. बस्स. पानाची चमक साधारण ६५० ते ८०० नॅनोमीटरमध्ये पसरलेली असते, दोन उंचवटे, एक ६८५ च्या आसपास आणि दुसरा ७४० च्या, आणि अशा रेषा त्या पट्ट्यात सापडतात.

आणि हे काम सुरुवातीला ज्या सॅटेलाइटने केलं तो यासाठी बनवलेलाच नव्हता. जपानचा गोसॅट, जानेवारी २००९ मध्ये गेलेला, कार्बन डायऑक्साइड मोजायला. त्याच्या डेटात झाडांची चमक म्हणजे खरं तर अडचण होती, ७६० नॅनोमीटरजवळच्या ऑक्सिजनच्या पट्ट्यात ती लुडबुड करते आणि हिशोब बिघडवते. तीच अडचण वेगळी काढली आणि २०११ मध्ये जगाचे पहिले फ्लुरोसन्सचे नकाशे आले. पुढे २०१४ चा ओसीओ-२, २०१७ चा ट्रोपोमी, सगळे मूळचे हवेतले वायू मोजणारे. आता या चमकेला सगळे सिफ म्हणतात, सूर्यामुळे होणारा फ्लुरोसन्स याचं इंग्रजी लघुरूप.

आता माझी रेषा.

मी हौशी माणूस आहे, डेटा फुकट मिळतो म्हटल्यावर राहवत नाही. ट्रोपोमीचा सिफ घेतला, जगभरच्या शेतां-जंगलांत उभ्या, कार्बन डायऑक्साइड किती आत-बाहेर जातो ते मोजणाऱ्या टॉवरवरून काढलेला जीपीपी घेतला (म्हणजे झाडांनी एकूण किती कार्बन आत घेतला तो आकडा), दोन्हीची महिन्याची सरासरी काढली आणि ग्राफ टाकला. आडवा सिफ, उभा जीपीपी. काय सुंदर रेषा आली! जंगल, गवत, शेत, सगळे ठिपके एकाच तिरप्या पट्ट्यात. एका मित्राला लगेच स्क्रीनशॉट पाठवला, म्हटलं बघ, सॅटेलाइटला प्रकाशसंश्लेषण दिसतं. तो या विषयात काम करतो. त्याचा रिप्लाय एका ओळीचा, "ठिपक्यांना रंग दे, वनस्पतीप्रमाणे."

दिले रंग. आणि माझी एक रेषा उसवली. पूर्ण तुटली नाही, पण उसवली.

सगळ्यात आधी नजरेत भरला मका. मक्याचे ठिपके सरळ वर निघालेले, म्हणजे तेवढ्याच चमकेला गव्हापेक्षा जास्त कार्बन. कारण शोधलं तर अगदी शाळेतल्या पुस्तकातलं निघालं, सी-३ आणि सी-४. गहू, भात, सोयाबीन, बहुतेक सगळी झाडं ही सी-३. त्यांचं रुबिस्को नावाचं एन्झाइम कार्बन डायऑक्साइड पकडायच्या नादात मधूनमधून ऑक्सिजनच पकडून बसतं, मग ती चूक निस्तरायला ऊर्जा जाते आणि पकडलेला थोडा कार्बनही परत सुटतो, आणि हवा जितकी गरम तितकं हे जास्त. मका, ऊस, ज्वारी या सी-४ मंडळींनी रुबिस्कोला आतल्या पेशींत कोंडून ठेवलंय आणि तिथे कार्बन डायऑक्साइड दाबून भरलाय, त्यामुळे चुका जवळजवळ होतच नाहीत. म्हणजे पुढच्या भागात, उजेड पकडून इलेक्ट्रॉन पळवण्याच्या भागात, दोघांचं सारखंच चाललेलं असलं तरी मागच्या दाराला, कार्बन पकडण्याच्या भागात, हिशोब वेगवेगळा निघतो. चमक ही पुढच्या दाराची बातमी आहे. मागच्या दाराचं तिला कळत नाही. मला वाटतं या विषयातलं एकच काही कुणाला सांगायचं झालं तर मी हे सांगेन.

अर्थात मक्याची चमकही काही कमी नसते. २०१४ च्या एका अभ्यासात दिसलं की अमेरिकेतल्या मक्याच्या पट्ट्यात ऐन उन्हाळ्यात जगातला सगळ्यात जास्त सिफ दिसतो, उष्ण कटिबंधातल्या घनदाट जंगलांपेक्षाही जास्त, आणि तोपर्यंतची मॉडेल्स त्या शेतांचं उत्पादन बरंच कमी धरत होती. वर्षभराचा हिशोब लावला तर जंगल पुढे जाणारच, शेत काही महिनेच हिरवं असतं, पण त्या काही आठवड्यांपुरता मका कुणाला ऐकत नाही.

दुसरा रंग सूचीपर्णीचा, आणि इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. पाइन, स्प्रूस, फर यांची जंगलं वर्षभर हिरवी. हिरवेपणा मोजणारा जो जुना निर्देशांक आहे, एनडीव्हीआय, तो भर हिवाळ्यातही म्हणतो की सगळं छान आहे. पण गोठलेल्या जमिनीत उभं असलेलं झाड काय कप्पाळ प्रकाशसंश्लेषण करणार, मुळांना पाणी नाही. ऊन मात्र पडतंच, बर्फावरून उलटं अजून चमचमून येतं. मग झाड काय करतं, तर तो दाणे बाजूला काढणारा हात आहे ना, तो कायमचा चालू ठेवतं. उन्हाळ्यात झियाझँथिन रात्रीत परत व्हायोलाझँथिन होतं, हिवाळ्यात ते तसंच टिकून राहतं, आठवडेच्या आठवडे. पकडलेली जवळपास सगळी ऊर्जा उष्णता होऊन जाते. त्यामुळे कामही बंद आणि चमकही पार खाली. वसंतात हात हळूहळू सैल होतो आणि दोन्ही बरोबर वर येतात. कोलोरॅडोतल्या नायवट रिज नावाच्या ठिकाणी टॉवरवर स्पेक्ट्रोमीटर बसवून हे प्रत्यक्ष बघितलंय, २०१९ मध्ये छापून आलं. हरितद्रव्य जवळजवळ तेवढंच, पण सिफ मात्र जीपीपीच्या पाठोपाठ चालतोय.

हे वाचल्यावर मला माझं तणनाशकाचं उदाहरण आठवलं. तिथेही काम बंद, इथेही काम बंद. तिथे चमक वाढली, इथे विझली. फरक एवढाच की एकीकडे जातं कुणीतरी बाहेरून जाम केलं आणि दुसरीकडे झाडाने स्वतः महिनाभर आधीपासून तयारी करून बंद केलं. म्हणजे "चमक कमी झाली" या वाक्याला एकट्याने काही अर्थच नाही, कशामुळे कमी झाली ते बघायला लागतं.

तिसरी भानगड पानाची नाही, मांडणीची आहे. पानात जन्मलेला लाल फोटॉन सगळाच बाहेर पडत नाही. ६८५ वाला उंचवटा तर हरितद्रव्य स्वतःच परत गिळून टाकतं, कारण लाल उजेड हा त्याचा आवडता. म्हणून बरेच लोक ७४० च्या बाजूचा बघतात, तो गिळला जात नाही पण आपटत राहतो, या पानावरून त्या पानावर. सूचीपर्णी झाडाच्या सुया झुबक्याझुबक्याने असतात, झुबक्यात अडकलेला उजेड बाहेर पडायला त्रास. सपाट रुंद पानांच्या छत्रीतून तो सोपा निघतो. उभ्या पात्यांचं गवत आणखी तिसरंच, आणि सूर्य कुठे आहे, सॅटेलाइट कुठून बघतोय यावरही ठरतं. म्हणजे दोन जंगलांत आत अगदी सारखं दळण चालू असलं तरी बाहेर दिसणारे सांडलेले दाणे वेगळे, कारण एका घराचा उंबरठा उंच.

उष्ण कटिबंधातल्या सदाहरित जंगलाबद्दल फार लिहीत नाही, ढगांमुळे डेटाची बोंब असते. एवढंच की ॲमेझॉनच्या काही भागांत पाऊस थांबल्यावर, ऊन जास्त असताना, नवी पालवी येते आणि प्रकाशसंश्लेषण वाढतं, जंगल कायम हिरवंच दिसत असताना. हिरव्या-हिरव्यातही कोवळं आणि जून असा फरक असतो आणि काम कोवळी पण पूर्ण वाढलेली पानं जास्त करतात.

कोरड्या भागाचे ठिपके माझ्या ग्राफमध्ये खाली डाव्या कोपऱ्यात एक ढिगारा होऊन पडले होते. विरळ झुडपं, मधे उघडी माती, त्यामुळे चमक इतकी थोडी की उपकरणाचा गोंगाट आणि सिग्नल यात फरक करणं मुश्कील. पण पाऊस पडल्या पडल्या तिथला सिफ पटकन उठतो आणि पाणी संपलं की पटकन बसतो, हिरवेपणाच्या निर्देशांकापेक्षा चपळ. अचानक तहान लागल्यावर मात्र तो फसवतो. काही संशोधकांनी पानझडी झाडांमध्ये पर्णरंध्रं मुद्दाम बंद पाडून बघितलं, २०२० मध्ये ते आलं होतं. कार्बन आत जायचा धाडकन थांबला, चमक मात्र फारशी हलली नाही. मागचं दार बंद झालं हे पुढच्या दाराला लगेच कळलंच नाही.

मग पहिल्यांदा एवढी सुंदर रेषा आली कशी? याचं उत्तर जरा हिरमोड करणारं आहे. जॉन मॉन्टीथ यांनी १९७२ मध्ये मांडलेला हिशोब असा की झाडाचं उत्पादन म्हणजे शोषलेला उजेड गुणिले तो उजेड किती कार्यक्षमतेने वापरला ते. सिफचंही तसंच, शोषलेला उजेड गुणिले चमकायचं प्रमाण गुणिले बाहेर पडायचं प्रमाण. दोन्हीकडे शोषलेला उजेड आहे! जास्त पानं, जास्त ऊन, की दोन्ही वाढतात. महिन्याच्या सरासरीत तर बाकीचे सगळे चढउतार पुसले जातात आणि उरतो तो मुख्यतः हा सामाईक उजेड. दाणे जास्त ओतले तर दळणही जास्त आणि सांडणंही जास्त, यात काय मोठं. तोच डेटा अर्ध्या-अर्ध्या तासाचा घेतला की रेषा वाकते, कारण कडक उन्हात दळण एका मर्यादेला जाऊन थांबतं पण सांडणं वाढतच राहतं. २०१७-१८ च्या सुमारास खरंच असं वाटायला लागलं होतं की एकच उतार सगळ्या वनस्पतींना चालेल, ओसीओ-२ चे आकडे तसंच सुचवत होते, म्हणजे माझी चूक निदान चांगल्या संगतीत होती. नंतर डेटा वाढला तसा सी-४ वेगळा काढावा लागला, सुया आणि रुंद पानं यांच्यावर वाद चालू झाले.

आणि उभ्या अक्षावरचा जीपीपी तरी कुठे थेट मोजलेला असतो. टॉवर मोजतो तो निव्वळ आत-बाहेर, त्यात झाडांचा आणि मातीचा श्वास मिसळलेला, तो श्वास रात्रीच्या आकड्यांवरून अंदाजून वजा-अधिक करतात (की तापमानावरून वगैरे) आणि मग जीपीपी मिळतो. म्हणजे मी एका अंदाजाविरुद्ध दुसरा अंदाज मांडून रेषा आली म्हणून नाचत होतो.

आता मी ती मोठी रेषा काढून टाकलीये, प्रत्येक वनस्पतीची वेगळी ठेवलीये, मक्याची तर वेगळ्या पानावरच. एक टॉवर मात्र कुठेच बसत नाहीये. शेतातला आहे, पहिल्या वर्षी मका, दुसऱ्या वर्षी सोयाबीन, पीक फिरवतात तिथे. दुसऱ्या वर्षी टॉवरचा जीपीपी धपकन खाली आणि सिफ जवळपास तिथेच. दोन दिवस डोकं खाजवलं. मग नकाशावर जाऊन बघितलं तर ट्रोपोमीचा ठोकळा (म्हणजे त्याला वेगळा दिसणारा जमिनीचा सगळ्यात लहान तुकडा) आत्ताच्या हिशोबाने साडेपाच बाय साडेतीन किलोमीटरचा, आणि टॉवर बघतो तो आसपासचे काहीशे मीटर. या शेतात मका असतो तेव्हा शेजारच्या शेतात सोयाबीन असतं, पुढच्या वर्षी अदलाबदल, ठोकळ्याला काहीच फरक पडत नाही. युरोपियन स्पेस एजन्सीने २०१५ मध्ये फ्लेक्स नावाची मोहीम निवडलीये, खास फ्लुरोसन्ससाठीच, तिचा ठोकळा ३०० मीटरचा असणार आहे, तो डेटा हातात आला की मका आणि सोयाबीन वेगळे काढता येतील. तोपर्यंत त्या टॉवरचे ठिपके मी करड्या रंगात ठेवलेत.